वामनरावांच्या उत्पन्नाचा दाखला

अन्वी आणि अर्णव, दोघांना मिळून एकच लिहिते आहे, म्हणजे "तिला जास्त लिहिलंस" ही तक्रार नको. आमच्या निवृत्त मंडळींच्या दिवाळी अंकाचे संपादक दोन महिन्यांपासून नोकरीच्या आठवणी मागत आहेत. मी त्यांना म्हटलं, लिहीन, पण नातवंडांना लिहीन. चालत असेल तर छापा.

गेल्या रविवारी अन्वीचा डब्लिनहून फोन आला. पुढच्या शिक्षणासाठी तिने अकरा ठिकाणी मदतीचे अर्ज केले आहेत आणि एकाचंही उत्तर आलेलं नाही. एका जागी बसवत नाही म्हणाली. मग म्हणाली, "आजी, तू तर इतकी वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे होतीस. पलीकडची माणसं नेमकं काय करतात गं?"

तेव्हापासून मलाही बसवत नाही. अकोल्याच्या या घरात पुस्तकांचं कपाट आठवड्यात दोनदा लावून झालं. हे पानसुद्धा तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. तुमचे आजोबा म्हणतात, उत्तर द्यायचं तर सरळ देऊन टाक. सरळ देते.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी शिष्यवृत्ती विभागात होते. इंग्रजी घेऊन एम. ए. केलेली बाई कारकुनीत कशी, असं सुरुवातीला लोक विचारत. नंतर इंग्रजी पत्रं लिहायला मीच लागते हे कळल्यावर कुणी विचारेनासं झालं. शेवटी कार्यालय अधीक्षक झाले, पण शिष्यवृत्तीचं टेबल सोडलं नाही.

आमचं काम बाहेरून दिसतं तेवढं अवघड नाही. पदवी झाली, एम. एस्सी.ला किंवा एम. ए.ला नंबर लागला, की फी भरायची. ज्यांच्या घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत, त्यांची फी सरकार मागाहून कॉलेजला देतं. म्हणून अशा मुलांना आम्ही थोडीशी रक्कम घेऊन प्रवेश देतो. मर्यादेच्या वर असाल तर पूर्ण फी, तीही ठरलेल्या तारखेच्या आत. तारीख उलटली की जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला. हे सगळं एका कागदावर ठरतं. तो म्हणजे उत्पन्नाचा दाखला. गावचा तलाठी चौकशी करून अहवाल देतो, त्यावर तहसील कार्यालयाचा शिक्का बसतो. शिक्का बसला की त्या आकड्यावर शंका घेण्याचा आम्हाला अधिकार नाही.

अधिकार नसला तरी डोळे असतात. आमच्याकडे येणाऱ्या दाखल्यांवर विश्वास ठेवला असता, तर सगळा जिल्हा अर्धपोटी झोपतो असं वाटलं असतं. शेजारच्या टेबलावर इंगळे होते, वरुडकडचे. एका गृहस्थांची मोटार फाटकात मावेना, आणि हातातल्या दाखल्यावर मात्र आमच्या शिपायाच्या पगाराहून कमी आकडा. ते गेल्यावर इंगळे म्हणाले, "मॅडम, गाडीले पेट्रोल कोन टाकून राह्यलं मंग? देवानं?"

परतवाड्याचे एक लाकडाचे व्यापारी तर कायमचे लक्षात राहिले. मुलाला शिष्यवृत्तीही हवी होती आणि शैक्षणिक कर्जही. शिष्यवृत्तीला उत्पन्न कमी लागतं, बँकेला जास्त लागतं, म्हणून त्यांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन्ही सोयी होत्या. त्यांनी चुकून मोठ्या आकड्याचा, जाडा कागद माझ्यापुढे ठेवला. मी वर पाहिलं. त्यांनी तो शांतपणे उचलला, दुसरा काढला आणि म्हणाले, "तो बँकेचा. तुमचा हा घ्या." चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मी तो अर्ज घेतला. घ्यावाच लागला.

अशी वर्षं गेली की नजर तयार होते. कागद हातात येताच मी सांगू शकत असे की हा माणूस किती खोटं बोलतो आहे. मला या नजरेचा अभिमान होता. अर्ज तपासण्यात माझी चूक निघाली नाही, माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज त्रुटीत परत आला नाही, हे मी निवृत्तीच्या भाषणातही सांगितलं. पल्लवीचं सांगितलं नाही.

पल्लवी राऊत शेंदूरजनाघाटची. आमच्याच कॉलेजातून बी. एस्सी. झाली, विभागात पहिली आली, आणि एम. एस्सी.च्या यादीतही तिचं नाव वर होतं. माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती. अर्ज ऑनलाइन करण्याची पद्धत नवी होती आणि पोर्टल दिवसातून चारदा बंद पडायचं. त्या गर्दीत एका मंगळवारी ती टेबलाशी आली. फाईल नीट लावलेली, प्रत्येक झेरॉक्सवर सही. मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. मग उत्पन्नाचा दाखला पाहिला. आकडा मर्यादेच्या बराच वर होता.

तुला शिष्यवृत्ती बसत नाही, मी सांगितलं. पूर्ण फी भर, मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत. ती म्हणाली, दाखला चुकीचा आहे, घरचं उत्पन्न एवढं नाही.

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल. मर्यादेच्या वर गेलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि चार दिवसांत नवा, सडपातळ दाखला घेऊन येतो. मागे रांग होती, पोर्टल सकाळपासून फिरत होतं. मी म्हणाले, "सरकारी कागद आपल्या सोयीने बदलत नसतात."

"पण मॅडम, खरंच कमी असन तर?"

"तर आधीच कमी लिहून आणला असता. सगळे आणतात."

ती रडली नाही की वाद घातला नाही. फाईल उचलली, मागच्याला जागा करून दिली आणि गेली. मी पुढचा अर्ज घेतला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी इंगळे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सहसा ते खुर्चीत बसूनच बोलत. राऊतांच्या पोरीला परत पाठवलं का, विचारलं. मी नियम सांगितला. ते म्हणाले, नियम बरोबर आहे, पण पोरगीही बरोबर आहे. वरुडकडचे असल्याने ते राऊतांना ओळखत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

पल्लवीचे वडील वामनराव, त्यांची थोडी संत्र्याची झाडं आहेत, आणि हंगामात ते दुसऱ्यांच्या बागेत माल निवडून पेट्या भरून देण्याचं काम धरतात. पांढरे स्वच्छ कपडे घालतात आणि स्वतःला व्यापारी म्हणवतात. थोरली मुलगी सोनाली, तिची सोयरीक त्या महिन्यात ठरत आली होती. आणि त्यांच्या गावचा तलाठी नवरदेवाचा सख्खा मामा.

"दाखल्यापायी मामा घरी आला," इंगळे म्हणाले. "पोहे झाले, चहा झाला. अन् मंग कागद काढून विचारते, वामनराव, वर्षाचं उत्पन्न कितीक लिहू? आता सांगा मॅडम, पोरीच्या मामेसासऱ्यापुढं कोनता बाप कमी सांगन?"

"पण शिष्यवृत्ती जाईल हे त्यांना कळलं नाही?"

"त्याले वाटलं, पोरगी पयली आली, मार्कावरच भेटते. दाखला काय, लग्नातल्या आहेरासारखा असते म्हने, मोठा लिहा."

मी चहा तसाच ठेवला. तोवरच्या तीस वर्षांत माझ्यापुढे आलेल्या दाखल्यांत एकच असा होता की ज्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा होता. तेवढ्या एकावर मी विश्वास ठेवला, आणि घेऊन येणारीवर ठेवला नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग त्या मुलीलाच बोलवायचं. बोलावलं. ती हॉस्टेलवर नव्हती, मैत्रिणीकडे शिकवण्यांची चौकशी करायला गेली होती. वामनरावांना फोन लावला. ते प्रत्येक वाक्याला "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाले आणि पैसे भरतो म्हणाले. संत्रा निघाला की भरतो. संत्रा निघायला अजून दोन-अडीच महिने होते, मुदतीला सहा दिवस. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन आले, पुन्हा बसले, पुन्हा गेले. प्रतीक्षा यादी काढून पाहिली. पहिलं नाव तेल्हाऱ्याच्या एका मुलीचं होतं. तिचे कागद पूर्ण होते.

संध्याकाळी घरी आले ती ठरवूनच. दाखला दुरुस्त करून घ्यायचा, तर वामनरावांनी तहसीलला नवा अर्ज आणि स्वयंघोषणापत्र द्यायचं होतं. त्यांना ते लिहायला जमणार नाही, दिरंगाई होईल, म्हणून मीच संगणकावर टाइप केलं. नाव, गाव, झाडांची संख्या, आणि इंगळ्यांकडून विचारून घेतलेला खरा आकडा, अंकी आणि अक्षरी. दोन प्रती काढल्या. सही करायच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केली. तुमच्या आजोबांनी विचारलं, तुला कुणी बोलावलंय का तिथे? मी म्हटलं, बोलावण्याची वाट पाहिली तर तारीख जाईल.

गुरुवारी रजा टाकून निघाले. मोर्शी, वरुड, पुढे शेंदूरजनाघाट. बसमध्ये फाईल मांडीवर होती आणि मी ती दर थांब्यावर उघडून बघत होते, जणू मजकूर बदलणार होता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, हिरव्या फळांनी वाकलेल्या. नेहमी मी त्या बघत जाते. त्या दिवशी घड्याळ बघत गेले.

वामनरावांनी दारात येऊन नमस्कार केला. खुर्ची पुसून दिली. आत हाक मारली, "सोनालीची माय, कॉलेजच्या मोठ्या मॅडम आल्या, चहा ठेव." माझ्यासारखी बाई त्यांच्या घरी आली याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. पल्लवीच्या हुशारीबद्दल बोलले, यंदा माल चांगला आहे म्हणाले, नागपूरच्या व्यापाऱ्यांशी बोलणं चालू आहे म्हणाले. सोनालीने चहा आणला आणि दाराशी उभी राहिली. तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या.

मला परतीची बस गाठायची होती. मी टीपॉयवर कागद ठेवले, फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे आणि इथे सही करा, उद्या सकाळी वरुडला जाऊन द्या, मी तिथल्या कार्यालयात फोन करून ठेवते.

वामनराव चष्मा लावून वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. आकड्याशी आले तसे ओठ थांबले.

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

इंगळ्यांचं नाव घेणं मला बरं वाटलं नाही. मी म्हणाले, कुणी सांगितलं हे महत्त्वाचं नाही. खरं असेल तर सही करा, पल्लवीचं वर्ष वाचेल.

त्यांनी कागद खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. हा कागद त्या मामाच्या हातात जाईन. कमी लिहून देल्लं त सोयरीक तुटन. एकीच्या कॉलेजापायी दुसरीचं घर मोडू काय मी?"

याला उत्तर सोनालीने दिलं. दारातूनच, खाली बघत.

"बाबा, मामाले सारं मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"सातबारा त्यायच्याच दप्तरात असते. आपली झाडं कितीक, त्यायनं कवाच पाह्यलं. त्यायनंच तिकडं सांगतलं, मानसं गरीब आहेत पण चांगली आहेत, सोयरीक करा." आणि मग होणाऱ्या नवऱ्याचं नाव न घेता, हळूच, "मले यायनी फोनवर सांगतलं."

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. झालं, गाठ सुटली, आता सही होणार. मी पर्समधून पेनही काढलं होतं. इतका मोठा कागदी व्यवहार आयुष्यभर केला, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी जरा उशिराच पाहिलं.

ज्या मामापुढे त्यांनी छाती काढून आकडा सांगितला, त्या मामाला तो खोटा आहे हे ऐकतानाच कळत होतं. त्याने चहा पिता पिता तो लिहून घेतला होता. सासरच्यांना माहीत होतं. मुलीला माहीत होतं. आणि आता अमरावतीहून एक परकी बाई त्यांची गरिबी टाइप करून, दोन प्रतींत, घेऊन आली होती.

वामनराव उठले. टोपी घातली. "चहा घ्या मॅडम, थंडा होऊन राह्यला," एवढं म्हणाले आणि बागेकडे निघून गेले. मी अर्धा तास थांबले. त्यांची बायको म्हणाली, ते आता लवकर नाही यायचे, तुमची गाडी चुकेल. कागद तिथेच ठेवून मी निघाले. तिने ते घडी करून देवघराखालच्या खणात ठेवलेले मी पाहिले.

शुक्रवारी मी वरुडच्या तहसील कार्यालयात फोन केला. असा कुणाचा अर्ज आला नव्हता. शनिवारी पुन्हा केला. पलीकडचा कारकून माझ्यासारखाच होता. म्हणाला, मॅडम, आला की कळवतो, सारखं सारखं विचारून कागद येत नाही. रविवार तर जाताच जाईना. मी घरातली सगळी जुनी बिलं वर्षवार लावली. फी भरायच्या आधीच वर्ग सुरू झाले होते. सोमवारी पल्लवी कॉलेजात आली, पण माझ्या टेबलाकडे फिरकली नाही. मी शिपायाला पाठवलं, तर निरोप आला की प्रॅक्टिकल आहे.

मंगळवारी सकाळी साडेदहापासून कार्यालयाबाहेरच्या बाकावर तेल्हाऱ्याची ती मुलगी आपल्या काकांबरोबर बसली होती. पाच वाजता एखादी जागा सुटली तर आपल्याला मिळेल, एवढ्या आशेवर. तिच्या मांडीवरही फाईल होती. मी दरवाजातून आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी तिच्यापुढून जात होते. एक दिवस मुदत वाढवून द्यायला मी प्राचार्यांना सांगू शकले असते. तिला पाहिल्यावर तेही तोंडातून निघेना.

चार वाजून वीस मिनिटांनी वामनराव आले. पांढरेशुभ्र कपडे, कडक इस्त्री. माझ्या टेबलाशी न येता थेट फीच्या खिडकीशी गेले. पूर्ण फी, रोख. नोटा त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. पावती घेतली, वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येत जा मॅडम शेंदूरजन्याले. माल निघाला की पेटी पाठवतो." आणि ताठ मानेने बाहेर पडले.

तेल्हाऱ्याचे काका उठले, मुलीने फाईल पिशवीत घातली. पाचची बस मिळेल का, असं त्यांनी शिपायाला विचारलं.

वामनरावांनी काय केलं ते इंगळ्यांनी दोन दिवसांनी सांगितलं. झाडावरचा सगळा हिरवा माल त्यांनी एका व्यापाऱ्याला पडेल त्या भावाला देऊन टाकला होता. स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेला माणूस, की घाईने बाग देऊ नका. इंगळे त्यावर काही विनोद करतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी केला नाही.

मी तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं आहे. पहिल्याच दिवशी मी त्या मुलीला खुर्ची देऊन विचारलं असतं, काहून गं, कसा काय चुकला दाखला, तर तिनेच हळूच घरी सांगितलं असतं. मामा आणि वामनराव यांनी आपसांत, एकमेकांची लाज राखून, आकडा बदलून घेतला असता. आमच्याकडची माणसं अशा गोष्टी फार छान करतात. मी मधे कागद नेला, तोही मुलीसमोर. त्यानंतर त्या कागदावर सही करणं म्हणजे माझ्यापुढे आणि सोनालीपुढे सही करणं झालं. ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

सोनालीचं लग्न त्याच सोयरिकीत, मार्चमध्ये झालं. कॉलेजच्या पत्त्यावर मला पत्रिका आली होती. गेले नाही. हिवाळ्यात संत्र्याची पेटीही आली होती, स्वतःचा माल आधीच विकलेला असताना. ती मी ऑफिसात वाटली.

शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, नवा दाखला लागतो. दुसऱ्या वर्षी, माझी निवृत्ती सहा महिन्यांवर असताना, पल्लवी पुन्हा रांगेत उभी राहिली. फाईल तशीच नीट. मी दाखला शोधला. तो तिने सगळ्यांत खाली, पालथा ठेवला होता. उलटा करून पाहिला. आकडा गेल्या वर्षीचाच होता, किंबहुना थोडा वाढलेला.

मी हळू आवाजात विचारलं, यंदाही? अजून वेळ आहे, काही करता येईल. ती म्हणाली, गरज नाही, दोन शिकवण्या धरल्या आहेत, प्रयोगशाळेतही कमवा-शिकाचं काम मिळालं आहे, फी दोन हप्त्यांत भरू द्या. मी म्हटलं, वडिलांशी मी एकदा बोलून पाहते.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपल्या घरातल्या माणसाला सांभाळून घेताना पाहतात तसं, पण ते सांभाळणं माझ्यासाठी नव्हतं, वडिलांसाठी होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी आता घरी नका येऊ."

मी हप्त्यांचा अर्ज काढून दिला. तिने तिथेच उभ्याने भरला. सगळे कागद पूर्ण होते. मी शिक्का मारला, पोचपावतीवर सही केली आणि ती तिच्या हातात दिली.